खालच्या बाजूच्या खाचा

१

ताईच्या प्रबंधाचा खून सकाळी सकाळी झाला. विभागाच्या काचेच्या दारावर चार बाजूंनी चिकटपट्टी लावून त्याची रीतसर सूचनाही टांगली होती.

"उमेदवाराने सादर केलेला अक्षरसंच अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या अक्षरसंचाची नक्कल असल्याचे प्रथमदर्शनी दिसते. उमेदवाराने दुपारी परीक्षकांपुढे खुलासा करावा. समाधान न झाल्यास प्रवेश रद्द होईल."

ग्राफिक डिझाइनच्या पदव्युत्तर विभागात सूचनासुद्धा देखण्या असतात. या सूचनेचा चारही बाजूंचा समास इतका काटेकोर होता, की ती विभागप्रमुखांनी स्वतःच्या हाताने केली आहे हे वेगळं सांगायला नको होतं. विद्यार्थी त्यांना मार्जिन सर म्हणत. तेच ताईचे मार्गदर्शकही होते. मजकुरात काय लिहिलंय याच्याशी सरांचं फारसं देणंघेणं नसे. कडेला किती जागा सोडलीय, ते मात्र ते डोळे बारीक करून बघत.

ताई वर्गातल्या इतरांपेक्षा वयाने जवळपास दुप्पट होती. अर्धं आयुष्य तिने बिस्किटांच्या आणि औषधांच्या वेष्टनांवर काढलं होतं, म्हणजे लोक ज्या वस्तू न बघता फाडून फेकतात त्या सुंदर करण्यात. मग एक दिवस नोकरी सोडून ती इथे दाखल झाली. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, कुणी तपासणीला आलंय. तेव्हापासून ती सगळ्यांची ताई.

तिचा विषय ऐकून मुलं आधी हसली होती. औषधाच्या दुकानात पुडीवर जी चिकटपट्टी लावतात, 'सकाळी एक, रात्री एक' वाली, तिच्यासाठी अक्षरं काढायची. त्या पट्ट्या छापणारं यंत्र हलकं असतं, तापतं, आणि अक्षरं बरबटतात. ताईच्या आईने अशाच एका बरबटलेल्या पट्टीवर विसंबून रात्रीची गोळी सकाळी घेतली, न्हाणीघरात कोसळली आणि मनगट मोडून घेतलं. आई गणिताची निवृत्त शिक्षिका. "मी चुकले नाही," ती प्लास्टरमधून म्हणाली होती. "मी लिहिलेलं वाचलं. लिहिणारा चुकला."

म्हणून ताईला ही अक्षरं करायची होती आणि कुठल्याही औषधवाल्याला ती फुकट वापरता यावीत म्हणून खुली करून टाकायची होती. पण आपलं असेल तरच देता येतं. चोरीचा माल दान करणाऱ्याला कुणी दाता म्हणत नाही.

सूचनेशेजारी पुराव्यादाखल एक भित्तिपत्रक डकवलं होतं. घरं बांधणाऱ्या एका कंपनीच्या रस्त्यावरच्या फलकांसाठी एका बड्या स्टुडिओने केलेली नवी अक्षरं, सगळी मुळाक्षरं एकाखाली एक. मागच्या महिन्यात प्रसिद्ध झालेली. ताईचा प्रबंध जमा झाला होता गेल्या आठवड्यात.

ती पुढे झाली. पत्रकावरचा 'उ' तिने बोटाने गिरवून बघितला. तो 'उ' तिचा होता. स्वतःचं पोर लोकांच्या कपड्यांत दिसावं तसा. शेजारचा 'क' मात्र जरा परका वाटला, पण डोकं तापलेल्या माणसाला 'क'कडे बघायला फुरसत कुठली.

स्टुडिओचं नाव वाचलं आणि ती थबकली. स्टुडिओची मालकीण गेलं वर्षभर याच विभागात पाहुणी म्हणून शिकवायला येत होती.

२

"बसा," मार्जिन सर म्हणाले.

त्यांच्या खोलीतल्या खुर्चीला कधीकाळी बक्षीस मिळालं होतं. त्यामुळे तिच्यावर बसता येत नसे. ताई उभीच राहिली.

"सर, ही अक्षरं माझी आहेत."

"प्रत्येकाला तसंच वाटतं हो. आपण बघतो, विसरतो, आणि मग हातातून तेच उतरतं. वयानुसार जरा जास्तच."

"माझ्या वयाचं ठेवा बाजूला. माझ्या फायलींवर तारखा आहेत."

"संगणकाचं घड्याळ मागे नेता येतं. शाळेतलं पोरही नेतं." सरांनी टेबलावरची पट्टी टेबलाच्या कडेला समांतर केली. "हे मी उकरून काढलेलं नाही. बाहेरच्या परीक्षकांना येता-जाता फलक दिसला. त्यांनी कळवलं, साम्य वाटतंय, बघा. मला बघावं लागलं."

"तुम्ही माझे मार्गदर्शक आहात. गेल्या सत्रात मी तुम्हाला नमुना दिला होता. 'उपाशीपोटी' लिहिलेला."

"दिला असेल. मी त्याचा डावा समास कमी आहे असा शेरा मारल्याचं आठवतं. अक्षरांत मी पडत नाही, ते तुमचं स्वातंत्र्य. कागद कुठे गेला देव जाणे. मी कचरा साठवत नाही."

"आणि त्या स्टुडिओशी तुमचा काही संबंध?"

"काडीचा नाही." सर उठले, म्हणजे भेट संपली. दारापर्यंत पोचवायला आले, आणि मग आवाज उतरवून आपुलकीने म्हणाले, "तुम्ही पोक्त आहात, म्हणून सांगतो. त्या स्टुडिओत आपल्या वर्गातला कोण उमेदवारी करत होता, ते आधी आठवा. घरचाच माणूस निघाला तर वाईट वाटून घेऊ नका."

ताईला आठवलं. आणि वाईटही वाटलं.

३

वर्गातला सगळ्यात बारीक मुलगा म्हणून त्याचं नाव पिक्सेल. सुट्टीत तो त्याच स्टुडिओत उमेदवारी करून आला होता. तो आपल्या मेजावर कागद कापायच्या हिरव्या चटईवर डोकं टेकून बसला होता.

"ताई, मी नाही," त्याने मान वर न करताच सांगितलं.

"मी अजून विचारलंही नाही."

"सकाळपासून सगळे माझ्याकडे बघतायत. कॉफीच्या यंत्रापुढे मी उभा राहिलो तर रांग दुसऱ्या यंत्राकडे गेली. दुसरं यंत्र बंद आहे."

"तुला मी एक नमुना दिला होता."

"'सकाळ-रात्र'. माझ्या खोलीत भिंतीवर लावलाय. हवं तर आत्ता आणतो."

"त्याचा फोटो काढून कुणाला पाठवलास?"

पिक्सेलने मान वर केली. डोळे लाल झाले होते. "त्या स्टुडिओत मला काय काम होतं सांगू? सहा आठवडे मी एका टूथपेस्टच्या फोटोतले बुडबुडे पुसले. तिथे मला कुणी नावानेही ओळखत नव्हतं. मी अक्षरं पळवून देणार कुणाला, बुडबुड्यांना?"

"खोटं बोलत असशील तर कान उपटीन."

"उपटा. पण मग दुपारी तुमच्याबरोबर आत कोण येणार? मी येणार होतो."

ताईने कान उपटला नाही. पण विश्वासही पुरता बसला नाही. रडवेला चेहरा तर तिने विक्री विभागातल्या माणसांचाही बघितला होता.

"एक ऐकलं होतं तिथे," तो घुटमळत म्हणाला. "ती अक्षरं स्टुडिओत जन्मली नाहीत. बाहेरून आली. 'सल्लागारांकडून'. कोण ते मॅडमशिवाय कुणाला ठाऊक नाही."

४

स्टुडिओची मालकीण, म्हणजे वर्गाच्या भाषेत स्टुडिओबाई, कॅन्टीनमध्ये एका कानाला फोन लावून दुसऱ्या फोनवर टंकत बसली होती. दुपारच्या परीक्षक मंडळात तीही होती.

"आधीच सांगते," फोन खाली न ठेवता ती म्हणाली, "चोरी माझ्याकडून झालेली नाही. उलट माझ्याकडे झालीय. माझी अक्षरं आधी प्रसिद्ध झाली."

"मॅडम, मी तुम्हाला सत्राच्या मध्यावर एक कागद दिला होता."

"दिला होतास?" ती आपल्या भल्यामोठ्या पिशवीत हात घालून खळखळ करू लागली. चार्जर, चपलांचा एक जोड, रंगांच्या नमुन्यांचा पंखा, आणि तळाशी चार घड्यांचा एक कागद. "हाच का? अगं, उघडलाही नाही मी." तिला शरम वाटली असेल तर ती लवकर गेली. "सगळेच देतात गं. सगळं बघायला बसले तर शिकवू कधी?"

ताईने घडी उघडली. 'जेवणाआधी'. घड्यांच्या रेघा कोऱ्या करकरीत. इतकं दुर्लक्ष झालेलं बघून आयुष्यात पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

"मग तुमची अक्षरं कुणी काढली?"

"सल्लागारांनी गाभा दिला. थोडीच अक्षरं होती, पण काय ताकद! बाकीची माझ्या टीमने त्या धर्तीवर पुरी केली. नाव विचारू नकोस, करारात गुप्ततेचं कलम आहे." तिने पहिल्यांदाच ताईकडे नीट बघितलं. "खरं सांगू? तू हुशार आहेस. सरळ म्हण, प्रभाव पडला. माफी माग. सोडतील."

"मी काढलेल्या अक्षरांचा माझ्यावर प्रभाव पडला असं लिहून देऊ?"

स्टुडिओबाईने दुसरा फोन कानाला लावला. ताई उठली खरी, पण एक शब्द तिच्या मागे मागे येत होता. थोडीच. सल्लागाराने थोडीच अक्षरं दिली होती. कुठली?

५

छपाईच्या खोलीत तिने भित्तिपत्रक मेजावर पसरलं, शेजारी स्वतःचा अक्षरसंच ठेवला आणि बघत बसली. जितकं बघावं तितकं सगळं सारखं दिसायला लागलं. फोन वाजला. आई.

"काय झालं तुझ्या परीक्षेचं?"

ताईने थोडक्यात सांगितलं.

"आणि तू आता काय करतेयस?"

"दोन्हीत काय काय सारखं आहे ते शोधतेय."

"वा. म्हणजे त्यांचंच काम तू करतेयस. सारखं आहे हे त्यांना सिद्ध करायचंय ना? तू फरक काढ." आणि मग, "घाबरलीयस का?"

"नाही. चिडलेय."

"मग ठीक." फोन बंद.

ताईने भिंग घेतलं आणि या खेपेला आधी 'क'कडे वळली.

तिच्या अक्षरांत एक गोष्ट होती, जी तिला रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे दिसेनाशी झाली होती. औषधवाल्याचं ते यंत्र उष्णतेने छापतं. पट्टी पुढे सरकते, पण तापलेलं टोक लगेच निवत नाही, म्हणून काळं खालच्या बाजूला ओघळतं. नेहमी खालीच. जिथे दोन रेघा मिळतात त्या सांध्यात ते साचतं आणि अक्षर बुजतं. म्हणून ताईने प्रत्येक सांध्याला एक बारीक खाच पाडली होती, फक्त खालच्या बाजूला. ओघळ येतो, खाच भरते, अक्षर नीट दिसतं. कागदावर मोठं करून पाहिलं तर मात्र ते उंदराने कुरतडल्यासारखं दिसे.

पत्रकावरच्या 'क'लाही खाचा होत्या. पण वर आणि खाली, दोन्हीकडे.

'ख', 'ग', 'म': दोन्हीकडे. तिने पुढची अक्षरं घेतली. 'स' दोन्हीकडे. 'ज' दोन्हीकडे. 'ण' दोन्हीकडे. ज्याने ही काढली त्याला खाच म्हणजे नक्षी वाटली होती, आणि नक्षी दोन्ही बाजूंना शोभते.

आख्ख्या पत्रकात चारच अक्षरं निघाली, ज्यांना खाचा फक्त खाली होत्या. तिने ती पेन्सिलीने घेरली आणि मागे टेकून बसली.

वेष्टनाच्या धंद्यात तिला एक खोड लागली होती. पूर्ण माल कुणाला दाखवायचा नाही. जो विचारेल त्याला त्या दिवशी हाताशी असेल तेवढाच तुकडा द्यायचा. प्रबंध मोहोरबंद जमा होईपर्यंत तिच्या अक्षरांचे तीनच तुकडे बाहेर गेले होते, तीन माणसांकडे, आणि एकातलं अक्षर दुसऱ्यात नव्हतं.

"पिक्सेल!" ती बाहेर ओरडली. "ते पट्ट्या छापायचं यंत्र उचल. आणि तोंड धुऊन ये. तू सुटलास."

६

परीक्षेच्या खोलीत लांब मेजामागे तिघे बसले होते. मध्ये बाहेरचे परीक्षक, डोळ्यांवर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा असे वयस्क गृहस्थ. डावीकडे स्टुडिओबाई. उजवीकडे मार्जिन सर, भिंतीपासून नेमक्या अंतरावर.

"खुलासा लेखी आणलाय?" सरांनी विचारलं.

"छापील देते." ताईने मेजावर पट्टीचं यंत्र ठेवलं. "मॅडम, तुमची अक्षरं कशासाठी आहेत?"

"मोठ्या फलकांसाठी. रस्त्यापलीकडून वाचायला."

"मग त्यांना खाचा कशाला?"

"शैली आहे ती. गाभ्यातच होती."

"तुमच्या लॅपटॉपवरूनच, तुमच्याच फाइलमधला 'क' या यंत्रावर छापाल?"

"हा काय पोरखेळ," सर म्हणाले. बाहेरच्या परीक्षकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि डोळ्यांवरचा कपाळावर. "छापू द्या की. निदान काहीतरी हलेल."

यंत्र किरकिरलं. पट्टी बाहेर आली. 'क'च्या खालच्या खाचा भरून गेल्या होत्या, पण वरच्या तशाच उघड्या, दात पडल्यासारख्या. 'ज' तसाच. 'म' तसाच.

"आता 'प' छापा."

'प' बाहेर आला. भरीव, सरळ, एकही फट नाही. परीक्षकांनी पट्टी उजेडाकडे धरली.

"आता 'उ'. आता 'श'. आता 'ट'."

चारही अक्षरं इस्त्री केल्यासारखी मेजावर येऊन पडली.

"घरबांधणीच्या फलकावरची ही चारच अक्षरं," ताई म्हणाली, "औषधाच्या दुकानातल्या यंत्राला सरावलेली कशी? कुणीतरी माझं उत्तर पळवलं, पण प्रश्न काय होता ते त्याला माहीत नव्हतं. म्हणून बाकीच्या अक्षरांना शोभेच्या खाचा पाडल्या गेल्या."

"उलटंही असू शकतं," सर सावकाश म्हणाले. "ही चार तुम्ही त्या संचातून उचललीत."

"आणि बाकीची सगळी स्वतः काढली? तीही अशा यंत्रासाठी, ज्याची सवय त्या चार अक्षरांना मी चोरण्याआधीच होती? सर, एवढी सोयीची चोरी मला जमली असती तर मी इथे कशाला आले असते?"

परीक्षक खोकले. तो खोकला हसण्याच्या अगदी जवळचा होता.

"आता उरलं कोण ते. माझे तीनच नमुने बाहेर गेले. पिक्सेलकडे 'सकाळ-रात्र'. त्यातला 'स', त्यातला 'क', दोन्ही पत्रकावर चुकलेले आहेत. तो सुटला." पिक्सेल दाराशी उभा होता. त्याने नकळत हात बांधले. "मॅडमकडे 'जेवणाआधी'. 'ज' चुकलेला, 'ण' चुकलेला, आणि कागद आजपर्यंत पिशवीच्या तळाशी. त्याही सुटल्या."

"आणि तिसरा?" परीक्षकांनी विचारलं.

"तिसऱ्यावर होतं 'उपाशीपोटी'. उ, प, श, ट." ताई सरांकडे वळली. "डावा समास जरा कमी होता."

सरांनी छापलेली पट्टी उचलली, परत ठेवली. ती मेजाला तिरपी पडली, आणि त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

पण पहिली बोलली स्टुडिओबाई. दोन्ही फोन मेजावर पालथे ठेवून. "तुम्ही मला सांगितलंत, विमानतळावर बसल्या बसल्या रुमालावर खरडली म्हणून. हातरुमाल होता की कागदी, एवढंही मी विचारलं होतं! सर, माझ्या नावाने शहरभर फलक लागलेत हो!"

"प्रेरणा," सर म्हणाले. "वातावरणातून... विभागात जे घडतं त्यात मार्गदर्शकाचा वाटा असतोच." त्यांनी घसा साफ केला, आणि आवाजात पुन्हा ती आपुलकी आली. "हे बघा, आपण सुशिक्षित माणसं आहोत. तक्रार झाली की चौकशी बसणार, चौकशी बसली की यांचा निकाल लटकणार. त्यापेक्षा दोघांचं नाव लावू. संयुक्त निर्मिती. सूचना मी आत्ता काढून टाकतो, पदवी आजच हातात. ताई, तुमच्याच भल्याचं सांगतोय."

खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. दोन वर्षं. सोडलेली नोकरी. वर्गातल्या पोरांबरोबर जागून केलेली कामं. सगळं एका होकारावर मिळत होतं. होकार दिला की अक्षरं अर्धी सरांची होणार होती, आणि सरांच्या अर्ध्या परवानगीशिवाय ती कुठल्याही औषधवाल्याला देता येणार नव्हती.

ताईने आपला लॅपटॉप उघडला आणि तो परीक्षकांकडे फिरवला.

"हा माझा पूर्ण संच. हे खाली माझं नाव, एकटीचं. आणि हे बटण दाबलं की कुणीही तो फुकट घेऊन वापरू शकतं. निकाल लागेपर्यंत थांबायचं होतं, पण लोकांच्या गोळ्या थांबत नाहीत."

"दाबू नका!" सर उठले. "चौकशी चालू असताना हे शिस्तीविरुद्ध—"

"चौकशी अजून चालू कुठे झालीय? तक्रार तर मी हे झाल्यावर लिहिणार आहे." तिने बटण दाबलं. पडद्यावर एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे सरकली आणि काम झाल्याचा एक क्षुल्लक आवाज आला. "आता बसवा चौकशी. पदवी लटकवा. हवी तितकी लटकवा. मी इथेच आहे, वर्गात माझी जागा खिडकीजवळ आहे, आणि मी ती सोडणार नाही."

स्टुडिओबाई पुटपुटली, "ते फलक मला उतरवावेच लागतील."

"सर, तुम्ही जरा बाहेर थांबा," बाहेरचे परीक्षक मार्जिन सरांना म्हणाले. सूर अगदी साधा होता. "तक्रारीत ज्याचं नाव येणार त्याने परीक्षक म्हणून बसू नये."

सर गेले. काचेचं दार त्यांच्यामागे सावकाश मिटलं.

"निकाल मला आज देता येणार नाही," परीक्षक ताईला म्हणाले. "चौकशीनंतरच देता येईल. ते सरांचं खरं आहे. चालेल?"

"चालवून घेईन."

"पण तोंडी परीक्षा घेता येते." त्यांनी पुन्हा चष्म्यांची अदलाबदल केली, तिचा संच जवळ ओढला आणि बराच वेळ बघत राहिले. मग एका अक्षरावर बोट ठेवलं. "बाकी ठीक. हा 'झ' मात्र मला पटला नाही. कंबर फार बारीक झालीय. हे कुणाचं काम?"

"माझं," ताई म्हणाली.

"दुरुस्त करणार का?"

"अजिबात नाही." तिने खुर्ची ओढली, बाह्या वर सारल्या आणि मेजावर दोन्ही कोपरं टेकून बसली. "आणि का नाही, ते आता ऐका."